ब्रेक शिकायला निघालेली चार माणसं

आमच्या रविवारच्या मंडळींचे किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. थकून घरी आलं की एखादा आठवतो आणि तेवढ्यात डोळा लागतो. तरी सहा वर्षांत बरेच साठले.

मंडळी म्हणजे चौघं. मी यवतमाळला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. सलीमभाईंचं गॅरेज आहे. सुनंदा तायडे सिस्टर अपघात वार्डात नोकरीला. आणि गेडाममामा, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. कापसाच्या एका बंद जिनिंग कारखान्याच्या आवारात आम्ही रेसच्या ट्रॅकवर गाडी कशी चालवायची ते शिकतो. शिकवणारा कुणी नाही. एक जाडं इंग्रजी पुस्तक, मोबाईलवरचे व्हिडिओ आणि सलीमभाईंची जुनी हॅचबॅक, एवढंच भांडवल.

हे खूळ काहून घेतलं, असं मी एकदा सिस्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, वार्डात येनारा हरेक जन म्हनते, ब्रेक लागलाच नाही. मले एकदा पाह्यचं हाय, ब्रेक कसा लागते ते."

त्यानंतर मी कुणाला विचारलं नाही.

*

पुस्तकातला पहिला धडा: नजर जिथं, गाडी तिथं. मी वर्गात सांगावं तसा समजावून सांगितला. आवारात झाड एकच, कडुनिंबाचं. सलीमभाईंनी वळण घेतलं आणि गाडी नेऊन त्याच झाडाला लावली.

"पाहून कुठं राह्यले होते?" मी विचारलं.

"झाडाकडंच. त्याले लागू नये म्हून."

धडा सगळ्यात आधी त्यांनाच समजला. बंपर सरळ करण्यात पुढचे चार रविवार गेले.

*

मग मी कॉम्प्युटरला स्टिअरिंग जोडून खेळायचा रेसचा गेम आणला. सिस्टर ड्यूटी संपवून थेट माझ्या घरी आल्या. पहिल्याच वळणावर त्यांची गाडी सरळ गवतात गेली आणि भिंतीला टेकली. पाहतो तर सिस्टर स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपलेल्या.

बायको म्हणाली, "झोपू द्या त्यांना." आम्ही आवाज बंद केला.

तासाभरानं उठल्या. स्क्रीनवर चेंदामेंदा झालेली गाडी तशीच होती. तिच्याकडं पाहत म्हणाल्या, "कोनाले लागलं तं नाही ना?"

*

गेडाममामांचं पुस्तकाशी जमेना. पुस्तक म्हणतं, ब्रेक आधी जोरात दाबा, मग हळूहळू सोडा. मामा उलटं करायचे.

"मामा, एकदम दाबा."

"मानसं पडतेत नं मास्तर."

"गाडीत आपल्या दोघांशिवाय कोणी नाही."

त्यांनी आरशात पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा तसाच हळूच ब्रेक लावला.

*

यंदा हिवाळ्यात आम्ही चेन्नईकडच्या खऱ्या ट्रॅकवर गेलतो. पांढरकवड्यामार्गे दोन दिवस आळीपाळीनं गाडी चालवली. पोचलो तेव्हा चौघांच्याही कंबरा धरलेल्या.

सिस्टरांनी लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी सगळा जोर लावून ब्रेक दाबला. गाडी रेषेत राहिली, वळणाआधी हवी तेवढी हळू झाली. फेऱ्या संपवून आल्यावर त्यांनी हेल्मेट न काढताच काच खाली केली. मला एवढंच म्हणाल्या, "लागते."

शेवटी मामांची पाळी आली. तीन फेऱ्या त्यांनी बिनचूक काढल्या. चौथ्या फेरीला समोरच्या वळणावर कुणाची तरी गाडी गरकन फिरली. तिथं सकाळपासून उन्हात उभा असलेला माणूस पिवळा झेंडा हलवू लागला, म्हणजे मागच्यांनी हळू यावं.

मामांनी इंडिकेटर दिला, गाडी डावीकडं घेतली आणि नेमकी त्याच्यापुढं उभी केली.

लाल झेंडे निघाले. सगळ्या गाड्या थांबवल्या, सेशन बंद. आयोजक इंग्रजीत बोंबलत पळाले, त्यांच्यामागं मी. पोचलो तेव्हा मामांनी वाकून डावं दार उघडलं होतं, आणि हातात झेंडा घेऊन उभ्या असलेल्या त्या तमिळ माणसाला ते सांगत होते,

"बस लवकर, बाबू. जागा हाय."