रविवारचे फोन

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, पोरीजवळ नाही, विहारात डोळे मिटून बसते तेव्हा स्वतःजवळसुद्धा नाही. तुमच्याजवळ बोलते आहे, कारण तुम्ही आमच्या बोरी अरब गावचे नाही आणि उद्या नळावर मला भेटणार नाही.

आधी एका कोरियन सिरियलचं सांगते. मुद्द्यावर यायला मला जरा वेळ लागेल, लागू द्या. भांडायला उभी राहिले तर मी कधी अडखळत नाही, गावात कोणालाही विचारा. अंगणवाडीतली पोरं माझ्या नुसत्या डोळ्यांना भितात. पण हे सांगताना जीभ जड होते.

माझं माहेर आणि सासर एकाच गावात, दोन गल्ल्या सोडून. बाबा गेल्यावर मी मायला माझ्याकडे घेऊन आले. माझी पोरगी प्रिया तेव्हा बारावीला, तिला या कोरियन सिरियलचं भारी वेड. एक दिवस तिनं मोबाईल टीव्हीला जोडला आणि आजीला समोर बसवलं. ते लोक त्यांच्या भाषेत बोलणार, खाली हिंदीत लिहून येणार, आणि माय तर शाळेची पायरी न चढलेली. मग काय — मी वाचायची आणि तिला आपल्या बोलीत सांगायची. तिनं त्या माणसांना नावंही आपलीच दिली. खानावळ चालवणारी म्हातारी झाली शांताबाई. तिची मोठी पोरगी झाली 'थे खडूस'. काड्यांनी भात खाताना पाहून मायला त्यांची कीव यायची. "पोट कवा भरत असन वो यायचं?" म्हणायची. हसून हसून आमची पुरेवाट व्हायची.

गोष्ट साधी होती. शांताबाईचा लहाना पोरगा बहिणीशी भांडून शहरात जातो आणि तिकडेच मरतो. म्हातारी रोज त्याच्या वाट्याचं ताट वाढून ठेवते आणि म्हणते, पोरगा मला विसरला, मरेपर्यंत एक चिठ्ठीसुद्धा नाही. माय पदर डोळ्याला लावून बघायची. मी वाचायची — आवाज हलू द्यायची नाही.

कारण माझाही भाऊ होता. दिलीप. माझ्याहून सात वर्षांनी लहान, मीच कडेवर वागवलेला. आयटीआय करून पुण्याला कंपनीत लागला. बाबा वारले तेव्हा तो मयतीला पोचला नाही. गाडी भेटली नाही म्हणे. काही दिवसांनी जलदान विधी ठेवला, त्या दिवशी आला, तोही उशिरा. वंदना झाली होती, बाबांबद्दल बोलणारे बोलून बसले होते, विहारासमोरच्या मांडवात पंगत पडली होती. हा खांद्याला बॅग, घामाघूम. आणि मी सगळ्या गावासमोर म्हणाले, "बरोबर जेवाच्या टायमाले आला बापा!"

कोणीतरी हसलं. तो मायजवळ जाऊन तिचा हात धरून बसला. जेवला नाही. संध्याकाळच्या एसटीनं परत गेला. त्याला काहून उशीर झाला, हे मी विचारलं का? नाही. आजही मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी त्याचा फोन आला, दुपारी एकला. मायकडे स्वतःचा फोन नव्हता, म्हणून माझ्यावर. "ताई, मायले दे." माय समोरच बाजेवर बसून तूर निवडत होती. मी फोन घेऊन ओट्यावर गेले आणि म्हणाले, माय वावरात गेली. राग होता, दुसरं काही नाही. वाटलं, होऊ दे थोडी तडफड. कळू दे याला.

"बरं. म्या फोन केलता, सांगजो तिले," म्हणाला. हो म्हणाले. सांगितलं नाही.

एकदाच करायचं होतं हो मला. पण दुसऱ्या रविवारी फोन तिच्या हातात दिला असता, तर तो बोलला असता ना, मागच्या रविवारीही केलता म्हणून! मग माय झोपली आहे. मग माय शेजारी बसायला गेली. मग लग्नाला गेली. आठ महिने — दर रविवारी एक नवा बहाणा. त्याला काय वाटलं असेल? माय आपल्याशी बोलायचंच टाळते, हेच ना? शेवटी शेवटी तो "मायले दे" म्हणायचाही नाही. "माय बरी आहे ना?" एवढंच विचारायचा. आणि इकडे माय विचारायची, "दिलीपचा फोन नाही आला का वो?"

मी म्हणायची — नाही.

हे आहे ते. बोलून टाकलं. पण एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं झालं असतं.

कंपनीतून येताना ट्रकनं त्याला उडवलं. जागेवरच गेला. त्याला घरी आणलं तेव्हा माय त्याच्या तोंडावरून हात फिरवत एकच म्हणत होती, "मायवर काहून एवढा राग धरला रे बापा? एक फोन नाही केला." मी तिच्या बाजूलाच उभी होते. फोन माझ्या हातात होता, आणि फोनमध्ये त्याचं नाव होतं, रविवारमागून रविवार. दाखवायला कितीसा वेळ लागला असता?

तर ती सिरियल, दिलीप गेल्यानंतरची. शेवटचा भाग होता. ती खडूस तांदळाच्या पिंपातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढते आणि गुडघ्यावर बसून आईसमोर ठेवते. खाली हिंदीत आलं, भाऊ दर महिन्याला लिहीत होता, मीच दडवून ठेवल्या. चांगली मोठी अक्षरं होती.

"काय म्हणून राह्यली थे खडूस? कायचे कागद होत?" मायनं विचारलं.

"घराचे," मी म्हणाले. "घर विकाचं म्हणते."

प्रियानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. टीव्हीत शांताबाई एकेक कागद गालाला लावून रडत होती. माय बघतच राहिली. "घराच्या कागदाले कोणी असं गालाले लावते का वो?" मी उठून टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीतून आले, तर प्रिया आजीच्या डोक्याला तेल लावत बसली होती. आणि सांगून मोकळी झाली होती — आजी, त्या चिठ्ठ्या होत्या, आईनं चुकीचं वाचलं. आता माय विचारेल. विचारावं, असंही वाटलं, खरं सांगते. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यात संशय नव्हता. माझ्यावर तिला कधी संशय आलाच नाही.

"शांताबाईचं नशीब चांगलं," ती म्हणाली. "उशिरा का होईना, लेकानं आठवण काढल्याचं समजलं तिले. माह्या दिलीपनं तर..."

मी चहा ठेवायला आत गेले.

त्या खडूसला मी मनात खूप शिव्या घातल्या. तिला काय, कोणीतरी लिहून दिलं आणि ती बोलली, असं स्वतःला सांगितलं. पण मला कोणी काय लिहून द्यायचं होतं? एवढंसं तर होतं बोलायचं. त्यानंतर माय दोन वर्षं जगली. रोज सकाळी मी तिला चहा दिला, रोज संध्याकाळी तिचे पाय दाबले. रोज वेळ होता.

मागच्या थंडीत ती गेली. जलदान विधीला त्याच विहारासमोर, त्याच जागी मांडव टाकला. वंदना झाल्यावर बाबांचे एक जुने दोस्त बोलायला उठले. म्हणाले, "पोरानं मायले जीतेपणी एक फोन नाही केला. पण लेक पाहा! लेक असावी तर अशी." सगळ्यांच्या माना हलल्या. शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी माईक माझ्यापुढे धरला — बोल बाई, दोन शब्द.

मी हात जोडले. लोकांना वाटलं, रडू आवरत नाही म्हणून बोलवत नाही हिच्याच्यानं. पंगत बसली. मी बुंदी वाढत फिरले.

माईकवर बोलायचं ते एवढंच होतं. दिलीप दर रविवारी फोन करायचा. दुपारी एक वाजता. माय घरीच असायची.