फोटो जड नव्हता

आदल्या दिवशी सायंकाळी मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर नवा कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, चढवला आणि जागा व्हावी म्हणून जुना लगेच उडवून टाकला. देवरीत लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्यांत लिनक्स वापरणारा मी एकटाच, आणि त्याचा मला भारी माज.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिचगडच्या बसनं एक मुलगी आली. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म, शेवटची तारीख, पाच वाजता साइट बंद. आणि माझं मशीन नुसतं रांगून राहिलेलं! तिच्या मोबाइलवर ओटीपी यायचा, पण तो टाकायचं पान उघडेपर्यंत त्याची मुदत संपायची. तीनदा तसंच झालं.

"काऊन होऊन नाई राहिलं, दादा? यंदा नाई झालं त घरचे माहं लगनच लावून देतीन."

"फोटो एवढा जड आणलास, मशीन काय करन?" मी खेकसलो. खरं म्हणजे मला काही ठाऊक नव्हतं. ती बिचारी भर उन्हात समोरच्या स्टुडिओत फोटो लहान करून आणायला पळाली.

ती गेल्यावर मी प्रोसेसरचा वेग पाहिला. एरवी याच्या चौपट धावणारा, आज आठशे मेगाहर्ट्झवर अडकलेला! काम वाढलं की वेग वाढवणारा ड्रायव्हर चालूच नव्हता. कर्नल बनवणाऱ्यांना मी मनसोक्त शिव्या घातल्या. घड्याळात साडेचार. मग मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या सूचना उघडल्या, तर तिथं माझीच ओळ! मागच्या मे महिन्यात मशीन तापून बंद पडायचं, म्हणून मी नेहमीचा ड्रायव्हर बंद करून दुसरा लावला होता. तो दुसरा नव्या कर्नलवर सुरूच होत नव्हता आणि नेहमीच्याला मीच कडी घालून ठेवली होती. आपलेच दात अन् आपलेच ओठ, बोलणार कोणाला?

ओळ पुसली, मशीन पुन्हा सुरू केलं. वेग झपकन वर गेला. तेवढ्यात ती धापा टाकत आली. ओटीपी पहिल्याच फटक्यात लागला आणि पाचला सहा मिनिटं असताना फॉर्म गेला. माझा जीव भांड्यात पडला.

घामानं ओला झालेला दुपट्टा सारखा करत ती पावती घेऊन म्हणाली, "माहाच फोटो जड होता, दादा. तुमाले फुकट तरास झाला."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "पुढच्या वेळी ध्यानात ठेव."