मागच्या भिंतीवरचा दिवा

फोन आला तेव्हा मी मंचरच्या बाजारात गौरीच्या बांगड्यांवरून बांगडीवाल्याशी हुज्जत घालत होते. फोन माझ्या दिराचा, दत्तू भाऊजींचा. एरवी हा माणूस नुसतं 'हॅलो, हॅलो' करण्यात वेळ घालवतो. त्या दिवशी थेट म्हणाला, "वहिनी, मंगलला वढली." कुणी वढली, कुठं वढली, मला काही कळेना... "वाघानं," तो म्हणाला, आणि पुढं नुसता रडण्याचा आवाज. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. हातातल्या बांगड्या कुठं टाकल्या, रिक्षात कशी बसले, काही आठवत नाही. हायवेवर ट्रकांची रांग लागली होती आणि मी त्या बिचाऱ्या रिक्षावाल्याला उगाच शिव्या घालत होते. अवसरीला आमच्या वस्तीवर पोहोचले तेव्हा सगळा गाव जमला होता. मंगल, माझी धाकटी जाऊ, घराच्या मागं, गोठ्याशेजारी, सतरंजीखाली होती.

जावाजावा उभा दावा म्हणतात, तो आम्ही दोघींनी मनापासून निभावला. चुलीवरून भांडलो, नळावरून भांडलो, कुणाच्या भाकरीला पापुद्रा येतो यावरूनही भांडलो. माझी हयात अंगणवाडीत पोरं सांभाळण्यात गेली, त्यामुळे मला हुकूम सोडायची सवय, आणि ती एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. पण मला हिवताप झाला तेव्हा उशाशी बसून हीच बाई मला पेज पाजत होती. वर म्हणायची, "मरू नका अक्का, मला भांडायला दुसरी कोन हाय?" आता तोच प्रश्न मला पडलाय.

मंगलचा जीव अडकला होता तो नातीत, आर्वीत. मुलगा सचिन पुण्यात नोकरीला, पोरगी शाळेत जायला लागलेली. मे महिन्यात ती आठवडाभर राहायला आली. तिसऱ्याच दिवशी, आम्ही ओट्यावर शेंगा फोडत बसलो असताना, मागच्या उसातून वाघाचा आवाज आला. लाकडावर करवत ओढावी तसा, थांबून थांबून. आम्हाला तो सवयीचा. दारं लावली, मागचा दिवा लागलाय ना पाहिलं, झालं. पण पोरगी आजीच्या पदराखाली शिरली ती बाहेरच येईना. घाबरून तिला ताप भरला. सूनबाईनं दुसऱ्या दिवशी पिशव्या भरल्या आणि जाताना उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आई, मागं ऊस आहे तोवर माझी मुलगी इथं येणार नाही." वाईट मुलगी नाही ती. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. मंगल मात्र त्या दिवशी जेवली नाही.

मग तिनं ते घर बांधायला घेतलं. आमच्याकडे गौरीपुढं आरास करतात, कुणी विहीर करतं, कुणी बाजार. मंगलनं ठरवलं, यंदा आपलंच घर करायचं, भावलीचं. आणि त्यात खरे दिवे लावायचे. डाळिंबाची खोकी आणि कपाटाचं उरलेलं प्लायवूड यांच्या भिंती, तेलाचा डबा कापून त्याचे पत्रे, गेरूनं रंगवलेला ओटा. स्वयंपाकघरात भावलीची चूल, गोठ्यात मातीची गाय. मी चेष्टा केली, "म्हातारपणी भातुकली खेळतीस काय गं?" तर म्हणाली, "खेळते. तुमी बी या, तुमाला मोलकरीन करते." सुरुवातीला तिनं गणपतीची जुनी माळ तोडून चार बल्ब थेट बोर्डाला जोडले, आणि फट्‌कन धूर! भाऊजी ओरडत धावत आले. मग मंचरला लाईटच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार, एक वयस्क मुसलमान गृहस्थ, आधी हसले, मग म्हणाले, "काकू, हे बारा व्होल्टवालं घ्या, मधी अडाप्टर लावा. न्हाईतर घरासकट भावल्या जळतील." मंगलला त्यांचं बोलणं काही आवडलं नाही. वाटेत पुटपुटली, "आसं अभद्र कशाला बोलायचं मानसानं?"

तारा तिनं सरबताच्या नळ्यांतून ओवून भिंतीच्या कोपऱ्यांनी नेल्या. प्रत्येक खोलीला वेगळं बटण. गौर आणताना आपण तिला खोली-खोली दाखवतो ना, 'गौर आली, कशाच्या पावलांनी आली?' असं विचारत... तसं आर्वीनं भावलीला घेऊन फिरायचं आणि जाईल तिथला दिवा लावायचा, असा बेत. एकेक दिवा लागला की संध्याकाळी फोनवर आर्वीला दाखवायची. पोरगी तिकडून टाळ्या पिटायची. हळूहळू सूनबाईही फोनमध्ये डोकावायला लागली. शेवटी एकदा म्हणाली, "बरं, गौरीला येऊ. पण अंधार पडल्यावर ती उंबऱ्याबाहेर जाणार नाही." मंगलनं मला गच्च मिठी मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी म्हटलं, "सोड मेले, हाडं मोडतील."

त्या दिवसांत हवाच चांगली नव्हती. खालच्या वस्तीवरची शेळी गेली, मग एक कुत्रं, मग भर दुपारी एका बाईच्या समोरून तो बांध ओलांडून गेला. बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जात होत्या. हसू नका, खरंच. चामड्याच्या पट्ट्याला बाहेर टोकं काढून खिळे ठोकलेले, कारण तो मान धरतो. आणि वाकलेल्या माणसाला धरतो. उभ्या माणसाला सहसा भितो, पण वाकलं की त्याला माणूस दिसत नाही, शेळी दिसते. हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. मंगलचा पट्टा दाराजवळ खुंटीला असायचा. आमचा कुत्रा मोती संध्याकाळ झाली की खाटेखाली जाऊन बसायचा, हाक मारली तरी यायचा नाही. मला ते बिलकूल आवडत नव्हतं.

आणि आर्वी एकदा फोनवर म्हणाली, "आजी, पण घराच्या मागं अंधार आहे."

झालं. मंगलनं भावलीच्या घराच्या मागच्या भिंतीवर, गोठ्याच्या वर, शेवटचा दिवा लावायला घेतला. घर ठेवलं होतं मागच्या खोलीत, आणि तिथं प्लग नाही. खोली बांधताना भाऊजींनी केलेली काटकसर. म्हणून दर वेळी ही खिडकीतून हात घालून आमच्या खऱ्या घराच्या मागच्या भिंतीवरचा बल्ब काढायची, त्या होल्डरात पिना घालायचं पांढरं टोपण बसवायची आणि तिथून भावलीच्या घराला करंट घ्यायची. बघून झालं की बल्ब परत जागेवर. मी शंभरदा बोलले, "लांब वायरीचा बोर्ड आण. तो दिवा काढत जाऊ नकोस." ती म्हणायची, "गौरी झाल्या की आनते. दोन दिसाचं तर काम हाय." मी चिडून म्हटलं, "वाघाला सांगून ठेव मग, दोन दिस येऊ नको म्हणून." ती खो खो हसली. ते हसणं आता कानातून जात नाही.

गौरी येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मी बाजारात, भाऊजी दूध घालायला डेअरीवर. मंगल एकटी. शेवटचा दिवा लागला असणार, आणि ती बघत बसली असणार. उजेड अजून पुरता गेला नव्हता, म्हणून बल्ब परत बसवायची घाई तिला वाटली नसेल. मग वासरू ओरडलं असेल... घरामागंच तर जायचंय, म्हणून पट्टा खुंटीलाच राहिला. गोठ्याजवळ कडब्याच्या कुट्टीचं घमेलं उपडं पडलं होतं. ते भरायला ती वाकली होती. भाऊजी आले तेव्हा मागची सगळी बाजू काळोखात होती, आणि खिडकीच्या आत ते इवलंसं घर सगळे दिवे लावून लखलखत होतं. हे सांगताना त्यांची दातखीळ बसते. मी आता त्यांना सांगायला लावत नाही.

यंदा गौरी बसल्या नाहीत. सचिन ते घर मोडायला निघाला होता, मी आडवी आले. आर्वीला सांगितलंय, आजी देवाघरी गेली. कशी, ते नाही. दहाव्याला तिला आणलं होतं, दिवसाउजेडी, आणि दिवसाउजेडीच परत नेलं. निघताना तिनं माझा हात धरून विचारलं, "मोठी आजी, तू रोज लावशील ना दिवे?" मी हो म्हटलं. वनखात्याच्या माणसांनी पिंजरा लावला, एक बिबट्या अडकला, जुन्नरकडे नेला. लोक म्हणतात, तोच. मी विचारलं, कशावरून? ऊस तोडायला अजून दिवाळीनंतरचा मुहूर्त आहे, तोवर तो तसाच उभा, डोक्याहून उंच.

लांब वायरीचा बोर्ड मी दुसऱ्याच आठवड्यात आणला. रोज दिवेलागणीला भावलीच्या घराचे दिवे लावते आणि आर्वीला फोनवर दाखवते. स्वयंपाकघर, माजघर, ओटा, गोठा. ती तिकडून खोल्यांची नावं घेते. मंगलचा हात सगळीकडे दिसतो, नळ्यांना लावलेल्या चिकटपट्टीवर तिच्या बोटांचे गेरूचे ठसे आहेत. फार एकटं वाटतं मला.

परवा दिवे दाखवून झाल्यावर पोरगी म्हणाली, "मोठी आजी, मी आता भीत नाही. मी दिवाळीला तिकडे येणार. आई हो म्हणाली." मागं सूनबाई उभी होती, तिनंही मान हलवली. या एका वाक्यासाठी मंगलनं पावसाळाभर डोळे फोडले होते. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मोती खाटेखालून गुरगुरला. खिडकीबाहेर वाऱ्याचं नाव नव्हतं, तरी उसाची पानं एकाच ओळीत हलत पुढं येत होती... माझ्या तोंडून निघालं, "नको गं बाई. येऊ नकोस."