फोनवरून कुरडयांची राखण

मंडळी, आज मी इथं शहरात, गारखेड्यातल्या फ्लॅटमध्ये बसून सोयगावच्या गच्चीवरच्या कुरडया राखल्या. हसू नका.

दरवर्षी उन्हाळ्यात आई कुरडया करते तेव्हा मी माहेरी असते. लहानपणापासून वाळवणाजवळ काठी घेऊन बसायचं काम माझंच. यंदा लॉकडाऊन. शहरातून आलेल्यांना गावात घेत नाहीत, मग मी कशी जाणार?

सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. "चीक लई झकास झालाय बघ. पण तुझी वाटी कुणाला देऊ?" मग माझ्या वडिलांनी, अण्णांनी, फोन गच्चीवर नेऊन तांब्याला टेकवून ठेवला. "तू बस तिथूनच राखणीला. कावळा आला की वरड, मी हाय इथं."

पाच मिनिटांत अण्णा सावलीतल्या खाटेवर झोपून गेले. केस कापायची दुकानं बंद, त्यामुळं केस पार मानेवर आलेले. दाढी पांढरीशुभ्र. एरवी फोनवर "बरं हाय ना? ठेवतो," यापलीकडं ते बोलत नाहीत. आज तासभर मी त्यांना नुसतं बघत बसले.

मधेच कावळे आले. कडेच्या चार-पाच कुरडया टोचून टोचून फस्त केल्या. मी ओरडलेच नाही. ओरडले असते तर अण्णा उठले असते, आणि त्यांनी फोन ठेवून दिला असता.

आई मघापासून विचारतेय, "तुझं ध्यान कुठं होतं गं?"

काय सांगू तिला?