हरणांचं विरजण

नव्वद-पंच्याण्णवच्या सुमारास आखातात, अल ऐनला आमच्या दुकानात दर शुक्रवारी एक कोकणातला माणूस यायचा. एका अरबी मालकाच्या फार्मवर हरणं सांभाळायचा. नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. बोलताना हरीण समोरच उभं असल्यासारखा तो हवेत त्याचं पोट चाचपायचा.

एकदा आला तो नोकरी गेल्याचं सांगतच. हरणांना जुलाब लागलेले. सुपरवायझरनं पोटासाठी पावडर दिली, तरी थांबेनात, म्हणून तोच याला म्हणाला, "खलास, गाव जाओ."

मी विचारलं, "पावडर देत होतास ना?"

"रोज, काकू. जिवंत जंतू आहेत म्हणाला त्यात. मुक्या जनावराला जंतू कसे घालायचे? पाण्यात उकळून, गार करून द्यायचो."

"अरे, ते पोटातलं विरजण. उकळत्या दुधात विरजण घालतं का कुणी?"

त्याचा हात हवेतच थांबला. "मग विरजण म्हणायला काय झालं होतं त्याला?"

खरंच, दोन मिनिटं समजावलं असतं तर काय झिजला असता तो सुपरवायझर? मी दुकानातूनच त्याला फोन लावला.

"दूसरा आदमी आ गया, मॅडम. और डब्बे पे सब लिखा है, इंग्लिश में."

"फिर हिरन को ही पढने देना था," म्हटलं, आणि फोन आपटला.