यादीतलं पाचवं नाव

उकंडा आजा १९४५ सालीच विमान कोसळून मेला, हे मी २००६ च्या डिसेंबरात वणीच्या सायबर कॅफेत वाचलं. त्याच सकाळी तो मला मारेगावजवळच्या आमच्या गावात, विहाराच्या ओट्यावर ऊन खात बसलेला दिसला होता.

मी तेव्हा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून वणीच्या एका जिनिंगमध्ये मशिनरीवर लागलो होतो. कापसाचं वर्ष वाईट होतं, आठवड्यातले तीन दिवस मशीन बंदच. रिकाम्या वेळात मी आजाच्या विमानांचा शोध घेत होतो. दुसऱ्या महायुद्धात तो बंगालमधल्या एका धावपट्टीवर होता, एवढं त्याला आजा म्हणणाऱ्या सगळ्या गावाला माहीत होतं. तिथून चार इंजिनांची लिबरेटर विमानं ब्रह्मदेशातले रेल्वेपूल पाडायला जात. विमान सगळं ॲल्युमिनियमचं, पण शेपटीची सुकाणं कापडानं मढवलेली. गोळ्यांनी कापड फाटलं की ठिगळ शिवायचं आणि वर उग्र वासाचं रोगण चढवायचं, म्हणजे ते ढोलासारखं ताणून बसतं. भरतीच्या आधी आजा कापूस दाबायच्या प्रेसमध्ये गाठी शिवायचा. त्याचा हात पाहून साहेबानं त्याला याच कामाला लावलं. सोबत गावातला फकिरा होता. तो पेट्रोल भरायच्या गाडीवर होता.

फकिरा परत आला नाही. त्याच्या घरी पोलीसपाटील पोलीस घेऊन आला, कारण कागदावर तो फौजेतून पळाला होता. त्याची बायको मैनाबाई तेव्हा सतरा वर्षांची होती. पाणवठ्यावरच्या बायांनी तिचं नावच पाडलं, पयपुट्याची, म्हणजे पळपुट्याची, बायको. तिनं दुसरं घर केलं नाही. मजुरी करत सासूपाशी राहिली.

२००६ च्या त्या वर्षी एकट्या बायांची यादी करायला शहरातून एका संस्थेच्या पोरी येत असत. मैनाबाईच्या दारात एकीनं विचारलं, "आजी, नवरा कधी वारला?"

"वारला नाई, पयाला," मैनाबाई म्हणाली. "मले नको घेऊ तुह्या यादीत. मेलेल्यायच्या बायका पुढच्या गल्लीत हायेत."

आजाच्या बॉम्बर स्क्वाड्रनमधल्या लोकांच्या मुलानातवंडांनी त्या तुकडीचा युद्धातला इतिहास जमवून इंटरनेटवर टाकला होता. मार्च १९४५ च्या पानावर तीन ओळी होत्या. दुरुस्तीनंतरच्या चाचणी उड्डाणात एका लिबरेटरचं इंजिन पेटलं, विमान धावपट्टीपलीकडच्या शेतात पडलं, कोणी वाचलं नाही. खाली चार गोरी नावं होती. पाचवं होतं उकंडा, कापड-कारागीर.

मी पान छापून घेतलं आणि संध्याकाळच्या बसनं गावात आलो.

"आजा, यात तुमी मेले," मी हसत म्हणालो.

तो हसला नाही. "कायच्यानं पडलं थे? लिवलं हाय?"

"इंजिन पेटलं."

"अन् सुकाणूची शिवण?"

"शिवणीचं काहीच नाही लिहिलं."

त्यानं माझ्याकडून त्या ओळी तीनदा वाचून घेतल्या. मग सांगितलं.

त्यांच्याकडे रिवाज होता. ज्यानं दुरुस्ती केली, त्यानं चाचणीच्या उड्डाणात सोबत बसायचं. असा नियम असला की माणूस टाका सैल सोडत नाही. आजा आधी दोनदा बसला होता आणि दोन्ही वेळा भडाभडा ओकला होता. तिसऱ्यांदा त्याचे पायच उचलेनात. फकिरा म्हणाला, "दे तुही टोपी. गोऱ्यायले आपले थोबाडं सारखेच दिसते. मी वरून मैनाले हात दाखवून येतो."

धूर दिसला तेव्हा आजाला वाटलं, आपलीच शिवण उसवली. त्याच संध्याकाळी तो स्टेशनच्या दिशेनं चालत सुटला. हजेरीत उकंडा विमानात होता आणि फकिरा गैरहजर होता. आजाच्या घरी तो मेल्याची तार आली. नवव्या दिवशी तो दारात उभा राहिला आणि तार चुकीची होती म्हणाला. महिन्याभरानं पोलिसांनी फकिराच्या घरातली मडकी उलथीपालथी केली, तेव्हा आजा समोरच्या ओट्यावर बसून पाहत होता.

"काहून नाई सांगितलं?" मी विचारलं.

"आंधी जेलचं भेव. मंग इंग्रज गेले, तं लाज." तो काठी टेकत उठला. "चाल मैनाकडं. आज नाई गेलो तं मी कधीच नाई जात."

मैनाबाई चुलीसाठी कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या मोडत बसली होती.

"वयनी," आजा म्हणाला, "फकिरा पयाला नाई. पयालो मी."

त्यानं सगळं सांगितलं. ती पऱ्हाट्या मोडतच राहिली. हातातल्या संपल्या तेव्हा बोलली.

"साठ साल तुमी माह्या दारावरून जयभीम घालत गेले, भाऊजी."

"गेलो."

"त्याच्या मायनं मरतानी पाणी मांगलं, पोराचं नाव नाई घेतलं. तुमी खाटेपाशी होते."

"होतो."

"आता मले एकलीले सांगून मोकये होऊन राह्यले? जमत नाई. रविवारी वंदना झाली का समद्यायपुढं सांगा. माइकवर."

रविवारी विहारात तीस-पस्तीस माणसं होती. आजा उभा राहिला. त्यानं काही लपवलं नाही. टोपी दिली, पळालो, गप राहिलो, असं सरळ सांगितलं. फकिराचं नाव त्यानं पाच-सहा वेळा घेतलं.

साउंड सिस्टीम सांभाळणारा अश्वजित म्हणाला, "आजा, पन थे इमान केवढं होतं? आपल्या शायेएवढं?"

दोघं-तिघं हसले. लेकरू मांडीवर घेतलेल्या शीलानं शेजारणीला हळूच विचारलं, "फकिरा कोन व?"

"मले का मालूम. असन जुना कोनी."

मैनाबाई पुढच्या रांगेत होती. ती मागं वळून एकेक चेहरा पाहत गेली. तरुण सुना, नातवंडं, दुसऱ्या गावाहून आलेले जावई. माणसं चपला शोधायला उठू लागली.

आजानं माइक सोडला नव्हता. "वयनी, अजून एक डाव सांगू?"

"सासू नाई राह्यली, थो पोलीसपाटील नाई, पानोठ्यावरच्या थ्या बाया नाई," ती म्हणाली. "सांगता कोनाले?"