कच्छच्या दरीत कोऱ्या कापडाचा तंबू

भिवंडी सोडली तेव्हा आमच्यात दोन दिवसांचा अबोला होता. नव्वदच्या दशकाची सुरुवात, नुकतीच दिवाळी झालेली. माझ्या शाळेला सुट्टी आणि लूमचे (यंत्रमागाचे) कामगार गावाला गेलेले, म्हणून निजामपुऱ्यातला आमचा छोटा कारखानाही थंड. सूत घेऊन येणाऱ्या एका कच्छी ड्रायव्हरने यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, भुजपलीकडच्या लाल दऱ्यांचं वर्णन ऐकवलं होतं. झालं, यांनी ठरवूनच टाकलं: आपल्या टेम्पोने जायचं, तंबूत राहायचं, पायी हिंडायचं. मला विचारण्याची पद्धत आमच्याकडे वर्षभरापासून बंदच पडली होती.

खरं सांगायचं तर माझी पर्सही तयार होती. माहेराजवळच्या शाळेत बदली मागणारा अर्ज मी लिहून आत ठेवला होता. परत आले की द्यायचा आणि आईकडे राहायला जायचं. हाका मारून घसा बसावा आणि समोरच्या माणसाने मान वर करू नये, असं किती दिवस चालवायचं? मी काही भिंतीशी लग्न केलं नव्हतं.

तंबू यांनी स्वतः शिवला होता. लूमवरून नुकतंच उतरलेलं ग्रे (न धुतलेलं कोरं कापड) घेऊन दोन दिवस मशीन चालवली. "आधी धुवून घ्या हो," असं मी स्वयंपाकघरातून दोनदा म्हटलं. उत्तर नाही. अबोला सुरू झाला तो तिथूनच.

मनोर गेलं, सुरत गेली, भरूचला नर्मदेवरचा पूल आला. मी म्हटलं, "केवढं पात्र आहे!" हे रस्त्याकडे बघत गप्प. मग मीही तोंड शिवून घेतलं. तिसऱ्या दिवशी खाडीवरचा लांबलचक पूल ओलांडून कच्छात शिरलो आणि जमीन एकदम उघडी पडली. बाभळी, पांढरट माती, मधूनच उंटांची रांग. भुजच्या अलीकडे एका ढाब्यावर बाजरीचा रोटला, लसणाची लालभडक चटणी आणि लोटाभर छास मिळाली. ढाबेवाल्याने चौथा रोटला वाढला तेव्हा हे हसले. किती दिवसांनी हसताना पाहिलं, ते मला आठवेना.

दरी लांबून दिसतच नाही. सपाट माळावरून चालत जावं आणि पायाखालची जमीनच संपावी, तशी ती समोर येते. खाली नदीने दगड कापून काढलेला. तांबडा, जांभळट, मग पिवळसर, असे थरावर थर, बाईने घडी घालून रचलेल्या लुगड्यांसारखे. तळाशी हिरव्या पाण्याचे ध्रो (खोल डोह). टेम्पो वर ठेवून आम्ही सामान पाठीवर घेतलं आणि तासभर उतरून एका डोहाकाठी तंबू ठोकला. संध्याकाळी वारा पडला आणि इतकी शांतता झाली की मलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. आमच्या गल्लीत लूमची खटाखट थांबली की लोक दचकून जागे होतात.

सकाळी मी एकटीच तंबूजवळच्या एका कड्यावर चढून गेले. अर्ज द्यायचा की नाही, याचा एकदाचा निकाल लावायचा होता. वर पोचून खाली पाहते तो काय! हे तंबूच्या दारात पाठमोरे बसून स्टोव्हवर चहा करताहेत आणि मागे वीस-पंचवीस बकऱ्या तंबू खाताहेत. कापडाला लूमची खळ होती ना, पिठाचीच ती! गळ्यातल्या घंटा घणघणत होत्या, कापड टरटर फाटत होतं, ते मला कड्यावर ऐकू येत होतं. हे आपले साखर ढवळताहेत.

मी ओरडले, "अहो! बकऱ्या!" माझा आवाज समोरच्या कड्यावर आपटून दोनदा परत आला. बकऱ्यांनी माना वर केल्या. यांनी केली नाही.

बकऱ्यांचा मालक, डोईला पांढरं मुंडासं घातलेला म्हातारा रबारी (कच्छचा पशुपालक), माझ्या मागून धावत आला. त्याने खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "बेन, भाई को सुनाई नहीं देता?"

मी "देतं की" म्हणायला तोंड उघडलं आणि तशीच राहिले. लूमच्या खोलीत खटाखटीपुढे कुणालाच काही ऐकू येत नाही. सगळे ओठ वाचतात, हातांनी खुणा करतात. तिथे बहिरा माणूस वर्षानुवर्षं खपून जाईल. आणि घरी मी बायको, मला कळलं नाही! मला स्वतःची लाज वाटली. रडत रडत, घसरत खाली आले.

यांच्यासमोर बसून, तोंडाकडे बघत मी विचारलं, "कधीपासून?"

त्यांनी स्टोव्ह बंद केला. "दोन वर्सं झाली. डावा कान तर गेलाच हाय. उजव्यात दिवसभर लूम वाजत ऱ्हाते."

"मग मला सांगितलं का नाही?"

"शिकलेली बाई तू. बहिऱ्याशी काय बोलशील, वाटलं." मग म्हणाले, "तू भांडतेस ना, तवा सगळं समजतं मला. समोर उभी ऱ्हातेस, तोंड मोठं करतेस. गोड बोलतेस तवा तुझी पाठ असते, चुलीकडं तोंड असतं. ते न्हाय समजत."

म्हाताऱ्याने बकऱ्या हाकलल्या, नुकसानीबद्दल दहादा हात जोडले आणि लोटाभर ताजं दूध काढून दिलं. अर्धा तंबू पोटात गेला होता. पुढच्या दोन रात्री आम्ही टेम्पोत ताडपत्रीखाली काढल्या आणि दिवसभर दरीत हिंडलो. अरुंद वाटेवर मी पुढे असले की बोलायच्या आधी वळायची. त्या नादात दोनदा पडले.

परतीला चाराचे पाच दिवस लागले. गाडी चालवताना ते माझ्याकडे बघू शकत नाहीत, म्हणून मला काही सांगायचं झालं की मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायचा, त्यांनी टेम्पो कडेला घ्यायचा. नर्मदेच्या अलीकडे असाच थांबवून मी अर्जाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग देणार?" मी मान हलवून नाही म्हटलं. आधी मुंबईला कानाचा डॉक्टर गाठायचा, हे मात्र मी मोठ्याने, मास्तरणीच्या थाटात बजावलं. ऐकणं परत येईल की नाही, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. आजही त्याचं उत्तर फार आशेचं नाही.

माणसं प्रवासाला जाऊन काय काय बघून येतात. मी एवढ्या लांब जाऊन माझा नवरा बघून आले.

भिवंडीच्या वेशीवरचं शेलार आलं. घर दहा मिनिटांवर. मी हात ठेवला नव्हता, तरी त्यांनी टेम्पो कडेला घेतला, इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे वळून बसले.

"बोल," म्हणाले.

मला सांगायचं असं काहीच नव्हतं. मी बोलत राहिले.